सदर बाब आणि भैरवनाथाची सलामी

दि. १४ जानेवारी १९३६, मंगळवार. संक्रांत.

चिरंजीव सोपान लोणावळ्यास रेल्वेच्या शेडमध्ये नोकरीस आहे. सणानिमित्त घरी येताना त्याने एक कोरी वही आणिली. मराठी चौथी इयत्ता पहिल्या नंबराने उत्तीर्ण झालेल्या गृहस्थाच्या घरी वही कोरी राहणे शोभत नाही. सबब आजपासून रोजनिशी लिहीत आहे. ही वही अन्य कोणी वाचावयाची नाही. आमच्या कुटुंबास, म्हणजे झुंबरबाईस, अक्षरओळख नाही. या प्रकरणी ती सोयच आहे.

प्रकरण असे. गेल्या दिवाळीत अभ्यंगस्नानाचे वेळी माझ्या निदर्शनास आले की, माझ्या अंडाची उजवी बाजू डावीपेक्षा मोठी झाली आहे. त्या वेळी फरक सुपारीएवढा होता. देवदिवाळीस लिंबाएवढा झाला. आज मोसंब्याएवढा आहे. दुखत नाही, पण जड वाटते. सभ्यतेस धरून यापुढे या वहीत तिचा उल्लेख 'सदर बाब' असा करीन.

एरवी मी सदर बाबीकडे ढुंकूनही पाहिले नसते. परंतु चैत्र वद्य अष्टमीस, दि. १४ एप्रिल रोजी, गावच्या भैरवनाथाची जत्रा आहे. जत्रेचा कुस्त्यांचा आखाडा वस्तादाने उघडावयाचा, अशी रीत आहे. वस्ताद केवळ लंगोटावर आखाड्यात उतरतो, वाकून पहिली मूठ माती उचलतो, कपाळी लावितो, शड्डू ठोकतो आणि देवास सलामी देतो. त्याशिवाय कुस्तीची पहिली जोड सुटत नाही. गेली एकोणतीस वर्षे ती सलामी मी देत आहे. धोतर नेसून ती आजवर कोणी दिली नाही. सदर बाब लंगोटात मावेनाशी झाली, तर वस्तादकी अंबाजीकडे जाईल. अंबाजी माझ्याहून चार वर्षांनी लहान असून चांगला पहिलवान आहे, असे लोक म्हणतात. मी तसे म्हटलेले नाही.

दुसरे असे की, वस्ताद लंगोटाचा पक्का असावा लागतो. या जागी सूज आहे असे कळताच लोक 'गरमी', म्हणजे बाहेरख्यालीचा रोग, हा शब्द उच्चारतात आणि मग माणसाच्या त्रेसष्ट वर्षांच्या वागणुकीवर पाणी पडते. म्हणून सदर बाब कोणासही कळता कामा नये.

संकल्प: नव्वद दिवसांत सदर बाब समूळ नाहीशी करणे. एकट्याने.

दि. १९ जानेवारी, रविवार.

कारण कळल्यावाचून उपाय करू नये. चार दिवस विचार केला. सन १९०९ साली मी घाट उतरून पेणेस तीन दिवस राहिलो होतो. कोकणच्या पाण्याने अशा बाबी उद्भवतात, हे सर्वश्रुत आहे. सत्तावीस वर्षांनी उद्भवतात काय, याबद्दल मात्र शंका आहे. दुसरे कारण सोपानची सायकल. गेल्या भाद्रपदात मी तीवर एकदा बसलो होतो. बसलो तेव्हाच उतरलो, आणि उतरलो ते दांडीवर. तथापि त्या दोषाचा सायकलीस जाब विचारता येत नाही.

तिसरे कारण मला पटले. वयाच्या साठीनंतर मी रात्री लंगोट सोडून निजू लागलो. शरीरास मोकळीक मिळाली आणि शरीराने तिचा गैरफायदा घेतला. तालमीतल्या पोरांस मी आजवर हेच शिकवीत आलो.

उपाय: दुहेरी लंगोट, करकचून, अष्टौप्रहर. रोज दोनशे बैठका.

दि. २० जानेवारी, सोमवार.

बैठका एकेचाळीस. पुढील बैठका शक्य होत्या, परंतु त्या केवळ अहंकारापोटी झाल्या असत्या.

दि. २३ जानेवारी, गुरुवार.

उजव्या पायास मुंग्या आल्या. लंगोट एकेरी केला. यास माघार म्हणत नाहीत. कुस्तीत पकड बदलतात, तसे हे आहे.

दि. २६ जानेवारी, रविवार.

झुंबरबाईने विचारले की, हल्ली आपले धोतर आपण स्वतः का धुता. स्वावलंबनाचे महत्त्व मी तिला पाऊण तास समजावून सांगितले. तिने ऐकून घेतले. सायंकाळी ओट्यावर माझ्या बैठकीच्या जागी चौघडी घातलेली गोधडी आढळली. वयाने माझ्याविषयीचा आदर वाढत चालला आहे.

तिला काहीही कळलेले नाही.

दि. ३ फेब्रुवारी, सोमवार.

बाजारात कादर तांबोळी याची भेट घेतली. कादर माझा तालमीतला जुना सोबती. आता पानतंबाखूचे दुकान चालवितो. त्यास औषधपाण्याची माहिती आहे. मी त्यास सांगितले की, माझ्या एका स्नेह्यास अमुक जागी सूज आहे. स्नेह्याचे नाव विचारू नये, अशीही ताकीद दिली.

कादरने नाव विचारले नाही. तंबाखूचे रुंद पान निवडून काढले आणि म्हणाला, याला एरंडेल लावून, विस्तवावर शेकून गरमगरम बांधायचं. आमच्या चुलत्यानं बांधलं होतं. गुण आला का, असे विचारता म्हणाला की, चुलता तर वारला, पण दुसऱ्या कशाने तरी.

निघताना त्याने हाक मारून बजावले, "त्या तुझ्या दोस्ताला सांग महिपती, बांधायच्या आधी पोटभर जेव म्हणावं. आन त्या दिवशी कुटं जाऊ नको म्हणावं."

पहिलवानास अशा सूचना द्याव्या लागत नाहीत.

दि. ५ फेब्रुवारी, बुधवार.

आज देवळात जत्रेच्या पंचांची बैठक होती. वस्ताद या नात्याने माझी उपस्थिती आवश्यक होती. पान सकाळीच बांधले. भूक नव्हती, म्हणून जेवलो नाही.

बैठकीत कोणती जोड कोणाबरोबर लावावी याविषयी मी बोलत असता देवळाचे खांब प्रथम संथपणे व नंतर भरभर फिरू लागले. तोंडास पाणी सुटले. घाम फुटला. नंतर उलटी झाली. नंतर आणखी झाली. भैरवनाथाच्या समोर झाली, याचे वाईट वाटते.

अंबाजीने माझे डोके धरिले होते. मी त्यास तशी विनंती केली नव्हती. पंचांपैकी कोणी म्हणाले की, वस्तादांनी आता दगदग करू नये. मी सर्वांस स्पष्ट सांगितले की, हा दोष चहाचा आहे. अलीकडे लोक चहात गुळाऐवजी साखर घालतात. सर्वांनी माना डोलाविल्या. मला घरी पाठवून बैठक पुढे चालू ठेवण्यात आली.

पान काढून परसात पुरले. तंबाखू खाण्याची वस्तू आहे, हे सिद्ध झाले.

सदर बाब: कवठ, लहान.

दि. १६ फेब्रुवारी, रविवार.

सोमाटण्यास जाऊन आलो. तेथे एक सोनार आहे. उजव्या बाजूस सूज असल्यास डाव्या कानाच्या वरच्या पाळीत एक विवक्षित शीर असते. ती टोचून तांब्याची बाळी घातली असता पाणी उतरते, असे मी लहानपणापासून ऐकून आहे. सोमाटणे निवडले, कारण तेथे मला कोणी ओळखत नाही.

सोनाराने मला पाहताच विचारले, उजवी का डावी. मी म्हटले, मी नवस फेडण्यासाठी आलो आहे. तो म्हणाला, बरं, नवस उजव्या अंगाला हाय का डाव्या. मी डावा कान पुढे केला.

टोचताना मी हूं का चूं केले नाही. डोळ्यांस पाणी आले ते भट्टीच्या धुराने.

दि. १८ फेब्रुवारी, मंगळवार.

बाळी पाहून गावात माझ्याविषयी आस्था वाढली आहे. चावडीवर तीन जणांनी प्रकृती विचारली. एकाने बसावयास स्वतःचे घोंगडे दिले. मी प्रत्येकास सांगितले की, ही भैरवनाथाच्या नवसाची बाळी आहे. प्रत्येकाने 'व्हय व्हय' म्हटले. श्रद्धा अद्याप जिवंत आहे.

घरी हीच हकीकत सांगत असता झुंबरबाई भाकरी थापीत होती. हात न थांबविता ती म्हणाली, "डाव्या कानात बाळी म्हंजी उजवीकडं उतारलंय, येवढं आख्ख्या मावळाला कळतंय. दवंडी पिटली असती तर कान तरी दुखला नसता."

मी तिला विचारले की, तुला हे केव्हापासून ठाऊक आहे. ती म्हणाली, दिवाळीपासून. मग गोधडी कशाला घातली होती असं वाटलं, असेही तिने विचारले.

त्यानंतर मी भाकरी खाल्ली नाही. अर्धी खाल्ली.

बायका तर्क करतात. गावाला कळले असते, तर कोणीतरी तोंडावर बोलले असते. कोणी बोलले नाही, सबब कोणास कळलेले नाही.

दि. २५ फेब्रुवारी, मंगळवार.

कान पिकला. सदर बाबीत उतार नाही. दोन ठिकाणी सूज असणे ही प्रगती म्हणता येत नाही.

दि. २९ फेब्रुवारी, शनिवार. लोणावळे.

आईचा निरोप मिळाल्यापासून सोपान घरी येऊन-जाऊन आठ दिवस एकच पालुपद लावून बसला होता. लोणावळ्यास एक डॉक्टर आहेत, मुंबईस शिकलेले. शेडमधील एका फिटरची हीच बाब त्यांनी बरी केली. मी त्यास बजाविले की, मी डॉक्टराकडे जाणार नाही. मात्र तुंगार्लीचे तळे पुष्कळ वर्षांत पाहिले नव्हते, म्हणून लोणावळ्यास आलो. तळे पाहिले. पाणी भरपूर आहे. परत येताना सोपानने वाट बदलली आणि आम्ही योगायोगाने दवाखान्याच्या दारात आलो. बाहेर ऊन होते. आत सावली होती.

डॉक्टर वयाने जेमतेम तीस, चष्मा लावणारे. त्यांनी पुष्कळ प्रश्न केले. हुडहुडी भरून वरचेवर ताप येई काय? पाय सुजला होता काय? कोकणात किती राहिलात? मार लागला होता काय? सायकलीचा उल्लेख मी केला, दांडीचा केला नाही. त्यांनी दांडीविषयी स्वतःच विचारले. नंतर त्यांनी हळू आवाजात विचारले की, पूर्वी कधी वाईट आजार झाला होता काय.

मी उठून उभा राहिलो. सोपानने खांदा धरून बसविले. मी डॉक्टरांस म्हणालो, "मी लंगोटाचा पक्का आहे. एकोणतीस वर्षे देवासमोर लंगोटावर उभा राहतो."

ते म्हणाले, "आबा, याचा चारित्र्याशी काही संबंध नाही. ब्रह्मचाऱ्याला होतं, संसारी माणसाला होतं, तान्ह्या मुलाला सुद्धा होतं. विचारणं माझं काम आहे."

नंतर मला निजवून दाबून पाहिले, उभे करून खोकावयास लाविले. मी आखाड्यात ऐकू जाईल असा खोकलो. मग खिडक्या लावून घेतल्या आणि सदर बाबीच्या मागे बॅटरी धरून कळ दाबली. काय सांगावे! सदर बाब आतून लाल उजळली, आकाशकंदिलासारखी. सोपान 'अरे वा' म्हणाला. डॉक्टर म्हणाले की, उजेड आरपार जातो म्हणजे आत नितळ पाणी आहे. आतडे उतरले असते तर खोकताना धक्का बसता, निजल्यावर ते मागे जाते आणि बहुधा उजेड असा जात नाही. अंडाभोवती दोन पदर असतात, त्यांत हे पाणी साठते. कधी कोकणातल्या डासाच्या तापाने, कधी मार लागून, कधी आतील दुखण्याने, आणि पुष्कळदा उतारवयात कारण सापडतच नाही.

कारण नाही, हे मला मान्य नाही. माझ्या देहात विनाकारण काही घडत नाही.

परंतु उजेड आरपार गेला, ही गोष्ट मोठी आहे. आत काळेबेरे असते तर उजेड गेला असता काय? मी डॉक्टरांस विनंती केली की, हे लिहून द्यावे. त्यांनी इंग्रजीत चार ओळी लिहून सही केली. कागद जपून ठेविला आहे.

उपायाविषयी ते म्हणाले की, लेप, पान, बाळी यांनी पाणी जात नाही. तंबाखूने मात्र माणूस जाऊ शकतो. सुईने पाणी काढता येते, पण ते पुन्हा भरते. खात्रीचा उपाय ऑपरेशन. आता मार्चच्या पहिल्या आठवड्यात केले, तर जत्रेपर्यंत हिंडते-फिरते व्हाल. मात्र लंगोट या वर्षी नाही.

लंगोट नाही, तर ऑपरेशन नाही, असे मी सुनावले. माझ्या देहास आजवर कोणी चीत केले नाही आणि आता सुरीने तो मान घ्यावा, हे होणे नाही.

दि. १ मार्च, रविवार.

योजना तयार आहे. अत्यंत सोपी आहे. डॉक्टरांस ती सुचली नाही, याचे आश्चर्य वाटते.

पाणी पुन्हा भरते, हे खरे. पण भरावयास वेळ लागतो. जत्रेच्या तीन दिवस आधी सुईने पाणी काढून घ्यावयाचे, सलामी द्यावयाची, आणि मग सदर बाबीस जितके भरावयाचे तितके भरू द्यावे. पुढील जत्रेस वर्ष आहे.

दि. ९ मार्च, सोमवार. धुळवड.

शाळेच्या हेडमास्तरांस डॉक्टरांचा कागद दाखविला. पंचांपुढे तो वाचून दाखवावा, अशी माझी इच्छा होती. मास्तरांनी मनात वाचला. पुन्हा वाचला. घडी घालून माझ्या हाती दिला आणि म्हणाले की, वस्ताद, हा कागद फार कोणास दाखवू नका, मौल्यवान आहे.

शिकलेल्या माणसास चारित्र्याची किंमत कळते.

दि. २४ मार्च, मंगळवार. पाडवा.

गुढी उभारिली. नंतर दार लावून लंगोट बांधून पाहिला. कापड पुरत नाही. सदर बाब आता लहान नारळाएवढी आहे, शेंडीविना. चालताना धोतराचा काष्टा एका बाजूस झुकतो. मी दुसऱ्या बाजूस झुकून तोल साधतो. एकंदरीत सरळ दिसत असावे.

शिंप्याकडे दीडपट कापडाचा लंगोट टाकिला. शोभा यावी म्हणून, असे कारण दिले. झुंबरबाई म्हणाली की, येवढं कापड लावायचंच तर परकर शिवून घ्यावा, माझ्या तरी अंगी लागंल. तिने हेही सांगितले की, ऑपरेशनाला तिची ना नाही, ती भाकरी घेऊन लोणावळ्याला राहील. मी म्हटले, माझ्या जागी अंबाजी उभा राहिलेला तुला पाहावेल काय? ती म्हणाली, अंबाजीभावजी उभे राहिले तर मला काही वाटणार नाही, तुम्ही आडवे झालात तर वाटेल.

 

दि. ११ एप्रिल, शनिवार. लोणावळे.

विजय.

डॉक्टर प्रथम नाखूष होते. मी हट्ट धरला. त्यांनी जागा औषधाने पुसली, बधिर केली आणि पोकळ नळी घातली. मी छताकडे पाहत राहिलो. काचेच्या भांड्यात धार पडत होती. सोनेरी, नितळ, जुन्या मधासारखी. पाऊण शेर भरली. भांडे उजेडापुढे धरून पाहावे, असे मी सुचविले. त्यांनी पाहिले नाही.

सदर बाब समाप्त. उठून उभा राहिलो तो जणू कोणी खांद्यावरून पोते उतरविले. स्टेशनपर्यंत मी सोपानच्या पुढे चालत गेलो. दोनदा मागे वळून त्यास 'चल' म्हटले.

डॉक्टरांनी सूचना दिल्या: चार दिवस पडून राहावे, खाली आधाराचे सैल फडके बांधावे, बैठका काढू नयेत, आवळू नये. आत रक्त उतरले तर काम बिघडेल, असेही म्हणाले. तरुण माणसे काळजी फार करितात.

दि. १२ एप्रिल, रविवार.

लंगोट करकचून बांधिला. बसला. पंचवीस बैठका काढून पाहिल्या. शरीर पूर्ववत् आहे. अंबाजी देवळापाशी भेटला. माझ्या चालण्याकडे पाहत राहिला. मी आणखी सरळ चाललो. तो म्हणाला की, वस्ताद, जरा बसा. मी म्हटले, बसावयास मला काय झाले आहे.

दि. १३ एप्रिल, सोमवार.

किंचित सूज आली आहे.

त्याच दिवशी, दुपारी.

किंचित म्हणजे पूर्वीपेक्षा थोडी अधिक. रंग वांग्यासारखा. हात लावू देत नाही. पूर्वी दुखत नव्हते, हे मी वर कोठेतरी लिहिले आहे. ते त्या वेळेपुरते खरे होते. शेजाऱ्याकडून बॅटरी मागून आणून पाहिली. उजेड जात नाही.

त्याच दिवशी, सायंकाळी.

अंगात कणकण. झुंबरबाईने सोपानास निरोप धाडला. मला न विचारता धाडला. मी तिला सांगितले की, उद्या मी आखाड्यात उतरणार. ती म्हणाली, उतरा, वर कोण काढतंय ते बगू.

दि. १४ एप्रिल, मंगळवार. जत्रा. रात्री लोणावळ्यास.

सलामी निर्विघ्न पार पडली. हे प्रथम नमूद करितो.

तपशील असा. दीडपट कापडाचा लंगोट बांधिला. बांधताना दाताखाली उपरण्याचा पदर धरिला होता. आखाड्याभोवती माणूस मावत नव्हता. हलगी वाजत होती. मी उतरलो. उतरताना कोणी हसले नाही. सर्व जण माझ्या तोंडाकडेच पाहत होते, खाली कोणीही पाहत नव्हते. इतक्या माणसांनी एकाच वेळी खाली न पाहणे, हे मला त्या क्षणी चमत्कारिक वाटले.

मध्यभागी गेलो. आता वाकून माती उचलावयाची होती. वाकू लागलो आणि माझ्या ध्यानी आले की, वाकता येणार नाही. अर्ध्यावर थांबलो. हलगीही थांबली.

तेवढ्यात अंबाजी माझ्या बाजूस येऊन उभा राहिला. तो लंगोटावर होता. मला वाटले, झाले. आता हा माती उचलणार, आपल्या कपाळी लावणार आणि एकोणतीस वर्षे संपणार. अंबाजी वाकला. मूठभर माती उचलली. आणि ती माझ्या ओंजळीत घालून लोकांस ऐकू जाईल असे म्हणाला, "वस्ताद, माती घ्या." मग माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाला, "वाकू नगा. माझं बी व्हतं. बत्तीस साली मुंबैला जाऊन कापून आलोय. कुणाला बोलू नगा."

मी माती कपाळी लाविली. एक शड्डू ठोकला. तो उत्तम वाजला. दुसरा ठोकला, त्याबरोबर मला जत्रा उलटी दिसू लागली.

पडलो नाही. अंबाजीने धरिले असल्यामुळे पडण्यास जागाच नव्हती. लोकांस वाटले की, भैरवनाथाचे वारे अंगात आले. गुलाल उधळला गेला. 'चांगभलं' झाले. पहिली जोड सुटली. मला बैलगाडीत घालून स्टेशनवर आणि तेथून गाडीने येथे आणिले. गाडीत माझे डोके झुंबरबाईच्या मांडीवर होते आणि पाय अंबाजीच्या. जत्रेच्या निकाली कुस्त्या सोडून तो आला, ही त्याची चूक आहे. वस्तादाने आखाडा सोडू नये.

डॉक्टरांनी पाहिले. बॅटरी काढली नाही. मला रागावले, माझ्या मुलाच्या वयाचे असून. मी ऐकून घेतले, कारण उठून जाणे शक्य नव्हते.

दि. १६ एप्रिल, गुरुवार.

आज ऑपरेशन. मी ठरविले आहे. कागदावर सही स्वहस्ताक्षरात केली, अंगठा नव्हे. नाकावर फडके धरणार आणि अंक मोजावयास सांगणार, असे कळते. मी शंभरापासून उलटे मोजण्याची तयारी दर्शविली आहे.

दि. १८ एप्रिल, शनिवार.

चौऱ्याण्णवपर्यंत आठवते.

दि. २१ एप्रिल, मंगळवार.

पेनने लिहिता येत नाही, शाई उशीवर सांडते. म्हणून पेन्सिल. डॉक्टर म्हणाले की, साठलेले रक्त काढले, पाण्याचा पदर उलटवून शिविला, आता पुन्हा भरण्याचे कारण नाही. आधी आला असतात तर सहज झाले असते, असेही म्हणाले. माझे उत्तर असे की, आधी आलो होतो. तळे पाहून आलो होतो.

खोकू नये, शिंकू नये, असे सांगितले आहे. या दवाखान्यात मजजवळ एक तपकीर ओढणारा रोगी ठेविला आहे.

दि. २४ एप्रिल, शुक्रवार.

वस्तादकी मी आज अंबाजीस दिली. स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता. तो भेटावयास आला असता मी पडल्या पडल्याच त्याच्या कपाळी अंगारा लाविला. तो गेल्यावर सोपान म्हणाला की, पंचांनी पुढल्या सालापासून अंबाजीस नेमण्याचे फेब्रुवारीतच ठरविले होते, ज्या दिवशी मला उलटी झाली त्या दिवशी; पण या सालची सलामी आबांचीच राहू द्या, मी बाजूला उभा राहतो, असे अंबाजी बोलला म्हणून ती मजकडे राहिली.

पंचांनी काहीही ठरविले असो. माझ्या स्वखुशीवाचून ते अपुरे होते.

दि. २६ एप्रिल, रविवार.

आज मान्यवर मंडळींची रीघ लागली. सोमाटण्याचे एक जुने पहिलवान, वडगावचे एक, आणि शिरगावचे नथू वस्ताद. तिघेही साठीपलीकडचे. माझी कीर्ती मावळभर पोहोचली असल्याचा हा पुरावा आहे. प्रत्येकाने उभ्या उभ्या प्रकृती विचारली. मग बरोबरच्या माणसांस बाहेर चहा पिण्यास पाठविले. मग दार लोटून घेतले. मग तिघेही माझ्या खाटेशी आले आणि सोमाटण्याच्या पहिलवानांनी घसा साफ करून विचारले की, त्यांच्या एका स्नेह्यास विचारावयाचे आहे, दुखतं काय.

मी त्यांस सदर विषयाची साद्यंत माहिती दिली. दोन पदर, पाणी, बॅटरी. आतडे असेल तर काम वेगळे, म्हणून आधी डॉक्टरांनी पाहिले पाहिजे. गरमीशी संबंध जोडू नये. तान्ह्या मुलासही होते. तंबाखू बांधू नये. पाणी काढून बैठका मारू नयेत. तिघेही एकाग्रतेने ऐकत होते. तालमीतही माझे कोणी असे ऐकले नाही. शेवटी मी सांगितले की, दुखण्याचे म्हणाल, तर मुळीच दुखत नाही. निरोगी माणूस जसा कूस बदलतो, तसा मी बदलतो.

आणि बदलली.

माझा आवाज बाहेर चहाच्या दुकानापर्यंत गेला, असे झुंबरबाई म्हणते. सोमाटण्याच्या पहिलवानांस गाडीची वेळ आठवली. वडगावकरांस त्यांची सोबत हवी होती.

नथू वस्ताद गेले नाहीत. स्टुलावर बसून राहिले, एका अंगावर झुकून, जसा मी पाडव्याच्या सुमारास झुकत असे. मग म्हणाले, "खरं सांग महिपती. किती दिवस?"

मी दाराकडे पाहिले. दार लोटलेले होते. मी म्हणालो, "पहिले चार दिवस लय दुखतं. मग कमी व्हतं. शेवटी राहत न्हाई. मी लय भ्यालो व्हतो. तू माझ्यागत उशीर करू नगं."

नथू वस्ताद सोमवारी डॉक्टरांस दाखविणार आहेत. मी भ्यालो होतो, हे त्यांनी कोणासही सांगू नये, अशी सक्त ताकीद दिली आहे. त्यांनी शपथ घेतली. मग बाहेर जाऊन झुंबरबाईस सांगितले. ती म्हणाली, दिवाळीपासून ठाऊक आहे.